रिॲक्टर किती लिटरचा हवा? मोलच्या हिशेबापासून पाइपच्या लांबीपर्यंत

समजा, प्लांटमधून दर मिनिटाला १० लिटर धुवणीचं पाणी येतं आणि त्यात लिटरमागे १७.६ ग्रॅम इथाइल ॲसिटेट हे एस्टर विरघळलेलं आहे. कॉस्टिक सोडा घालून त्यातलं ९५ टक्के एस्टर फोडायचं आहे. रिॲक्टर किती लिटरचा लागेल? या कामाला ८,४०० लिटरची टाकी लागू शकते आणि ४१ लिटरचा पाइपही पुरतो. अभिक्रिया तीच, तापमानही तेच. फरक पडतो तो तीन निर्णयांमुळे: कॉस्टिक किती घालायचं, पाणी किती घालायचं आणि भांडं कुठल्या प्रकारचं घ्यायचं.

तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ अशा रासायनिक वसाहतींत इथाइल ॲसिटेट हा रोजच्या वापरातला सॉल्व्हंट आहे, आणि कॉस्टिकने त्याचं जलविघटन हा केमिकल इंजिनिअरिंगच्या बहुतेक प्रयोगशाळांतला ठरलेला प्रयोग. म्हणून हिशेब शिकायला हेच उदाहरण घेतलंय. प्रत्यक्षात इतकं एस्टर, म्हणजे दिवसाला सुमारे अडीचशे किलो, पाण्यातून वाहून जात असेल तर आधी स्ट्रिपिंग करून (वाफेने किंवा हवेने पाण्यातून बाहेर काढून) ते परत मिळवण्याचा विचार करावा आणि कॉस्टिक उरलेल्यासाठी ठेवावं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. एस्टर फोडल्याने सीओडी, म्हणजे पाण्यातले पदार्थ पूर्ण ऑक्सिडाइझ व्हायला लागणारा ऑक्सिजन, कमी होत नाही. एक मोल (रेणुभाराइतके ग्रॅम) इथाइल ॲसिटेट पूर्ण जळायला ५ मोल ऑक्सिजन लागतो. फोडल्यावर मिळणाऱ्या ॲसिटेटला २ आणि इथेनॉलला ३, बेरीज पुन्हा ५. कमी होतं ते एस्टरचं बाष्प, त्याचा वास आणि पेट घेण्याचा धोका. ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा, भार आहे तेवढाच राहतो.

आधी मोल

इथाइल ॲसिटेट + सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) → सोडियम ॲसिटेट + इथेनॉल

रेणुभार अनुक्रमे ८८.१, ४०.०, ८२.० आणि ४६.१. दोन्ही बाजूंची बेरीज १२८.१ येते. ही पडताळणी दहा सेकंदांची आहे, ती सोडू नये.

पाण्यातून मिनिटाला १७६ ग्रॅम एस्टर येतं, म्हणजे २.० मोल. एकास एक प्रमाण असल्यामुळे कॉस्टिकही निदान २.० मोल लागणार: शुद्ध धरून ८० ग्रॅम. बाजारात मिळते ती ४८ टक्क्यांची लाय, म्हणजे कॉस्टिकचं दाट द्रावण. म्हणजे १६७ ग्रॅम लाय, आणि घनता १.५ धरली तर मिनिटाला १११ मिलिलिटर.

नेमकी इथेच सगळ्यात महागडी चूक होते. ४८ टक्के हे वजनाला वजन असं प्रमाण आहे. १०० ग्रॅम लायीत ४८ ग्रॅम कॉस्टिक, म्हणून एका लिटरमध्ये ७२० ग्रॅम. ते ४८० ग्रॅम धरून डोसिंग पंप लावला तर गरजेच्या दीडपट लाय जाते, आणि ती मारायला पुढे तेवढंच ॲसिड जातं. फ्लेक्स वापरत असाल तर गोणीवर ९८ टक्के लिहिलेलं असतं खरं, पण उघडी गोणी हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढते. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल कॉस्टिकचे दोन मोल खातो. म्हणून गोणीवरच्या आकड्यावर न विसंबता द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करून घ्यावं.

दुसरा लपलेला ग्राहक म्हणजे पाण्यातलं ॲसिड. जुन्या किंवा वापरलेल्या इथाइल ॲसिटेटमध्ये ॲसेटिक ॲसिड असतंच. त्याचं उदासिनीकरण क्षणात होतं, एस्टरची पाळी नंतर येते. त्यामुळे फीडची (येणाऱ्या पाण्याची) आम्लता आधी टायट्रेट करून तेवढं कॉस्टिक वेगळं धरावं.

पुढच्या सगळ्या हिशेबाला चार चिन्हं पुरतात. स म्हणजे मिश्रणात एस्टरची सुरुवातीची संहती (लिटरमागे मोल), म म्हणजे एस्टरच्या एका मोलमागे कॉस्टिकचे मोल, र म्हणजे एस्टरचं रूपांतरण (फुटलेला हिस्सा, ९५ टक्क्यांना ०.९५), आणि क म्हणजे दर स्थिरांक. र इतकं रूपांतरण झाल्यावर काय उरतं:

एस्टर: स × (१ − र)
कॉस्टिक: स × (म − र)
ॲसिटेट आणि इथेनॉल: प्रत्येकी स × र

एस्टरमागे दोन मोल कॉस्टिक लागणारी अभिक्रिया असेल, उदाहरणार्थ इथिलीन ग्लायकॉल डायॲसिटेटची, तर दुसऱ्या ओळीत (म − २र) येईल. सहगुणक शिरतात ते इथे.

लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, कोणता, हे दर वेळी नव्याने तपासावं. म जर १ पेक्षा कमी झाला तर र ची कमाल मर्यादा म हीच. मिनिटाला २.२ मोल कॉस्टिक जातंय आणि एखाद्या दिवशी एस्टर वाढून २.५ मोल झालं, तर रूपांतरण ८८ टक्क्यांच्या वर जाणार नाही. रिॲक्टर दुप्पट करा, दहापट करा, आकडा तिथेच अडतो. ‘रिॲक्टर लहान पडतोय’ ही तक्रार आली की आधी हे बघावं.

इथे सगळं द्रवात चालतं, म्हणून मिश्रणाचं आकारमान बदलत नाही. वायूंमध्ये हे गृहीत धरता येत नाही. सल्फर डायऑक्साइडपासून ट्रायऑक्साइड होताना दीड मोलचा एक मोल होतो. फीडमध्ये डायऑक्साइड १० टक्के असेल तर पूर्ण रूपांतरणाला वायू ५ टक्क्यांनी आकसतो, आणि संहतीच्या प्रत्येक सूत्रात तो भागाकार आणावा लागतो.

मग दर

समीकरणातल्या सहगुणकांवरून अभिक्रियेची कोटी, म्हणजे दर संहतीच्या कितव्या घाताने बदलतो ते, ठरत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं विघटन आपण दोन रेणू घेऊन लिहितो, पण प्रयोगात ते पहिल्या कोटीचं निघतं. कोटी ही प्रयोगातूनच काढायची गोष्ट आहे. आपल्या अभिक्रियेत ती एस्टरला एक आणि कॉस्टिकला एक, एकूण दोन, अशी येते:

दर = क × (एस्टरची संहती) × (कॉस्टिकची संहती)

पातळ द्रावणात क ची किंमत २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद असते. सक्रियण ऊर्जा (तापमानाने क किती बदलतो ते हिने ठरतं) मोलमागे ४७ किलोज्यूल धरली तर २० अंशांना ०.०८०, ३० ला ०.१५ आणि ४० ला ०.२७ येते. एकक मिनिटात घेतलं तर ०.१५ चे ९ होतात. सेकंद-मिनिटांच्या या घोळाने रिॲक्टर ६० पट चुकतो. तेव्हा वहीत क लिहिताना एकक लिहिलंच पाहिजे.

स्वतःच्या फीडसाठी क स्वतः मोजावा. प्लांटच्या पाण्यात मीठ, इतर सॉल्व्हंट, साबण काहीही असू शकतं. पद्धत अशी:

१. ०.०२ मोल/लिटर एस्टरचं द्रावण करा. एक लिटरसाठी १.७६ ग्रॅम, म्हणजे साधारण १.९५ मिलिलिटर. फ्लास्कमध्ये आधी पाणी घेऊन त्यातच वजन करा, नाहीतर वजन होईपर्यंत एस्टर उडून जातं. द्रावण त्याच दिवशी वापरा.

२. कॉस्टिकचंही ०.०२ मोल/लिटर द्रावण करा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइड राहत नाही.

३. दोन्ही द्रावणं वेगवेगळी ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये निदान २० मिनिटं ठेवा. मग प्रत्येकी ५०० मिलिलिटर एकत्र ओतून घड्याळ सुरू करा. मिसळल्यावर दोन्हींची संहती ०.०१ होते.

४. २, ४, ७, १०, १५, २०, ३० आणि ४५ मिनिटांना २५ मिलिलिटर नमुना काढा आणि तो २५ मिलिलिटर ०.०२ नॉर्मल गार हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडा. पिपेट अर्ध्यावर रिकामी झाली ती वेळ नोंदवा.

५. उरलेलं ॲसिड ०.०२ नॉर्मल कॉस्टिकने फिनॉल्फथॅलिन घालून टायट्रेट करा.

पाचव्या पायरीत इंडिकेटर बदलू नका. नमुन्यातलं सोडियम ॲसिटेट जास्तीच्या ॲसिडमध्ये ॲसेटिक ॲसिड होतं. फिनॉल्फथॅलिनच्या अंत्यबिंदूला ते पुन्हा ॲसिटेट होऊन हिशेबातून निघून जातं. मिथाइल ऑरेंज मात्र त्याच्या आधीच रंग बदलतं आणि सगळे आकडे बिघडतात. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा.

आकडे कसे दिसतात ते पाहू. १० मिनिटांच्या नमुन्याला १८.४ मिलिलिटर लागले. ॲसिड एकूण ०.५०० मिलिमोल होतं, त्यातलं १८.४ × ०.०२ = ०.३६८ उरलं होतं. म्हणजे नमुन्यात ०.१३२ मिलिमोल कॉस्टिक शिल्लक होतं, संहती ०.००५२८ मोल/लिटर. तिचा व्यस्त १८९. सुरुवातीचा व्यस्त १००. दहा मिनिटांत ८९ ची वाढ, म्हणून क ८.९ लिटर/मोल/मिनिट. असे सगळे व्यस्त वेळेसमोर मांडा, रेषा सरळ आली तर तिचा चढ म्हणजे क. रेषा शेवटी खाली वाकली तर एस्टर सुरुवातीलाच कमी होतं, बहुधा उडून गेलेलं. वर वाकली तर कॉस्टिक कमी होतं, बहुधा कार्बोनेट झालेलं.

कंडक्टिव्हिटी मीटरने हेच काम जास्त सुटसुटीत होतं. हायड्रॉक्साइड आयनाची मोलर वाहकता १९८ आणि ॲसिटेटची ४१ च्या आसपास, त्यामुळे अभिक्रिया पुढे जाते तशी वाहकता चांगलीच उतरते. पण वाहकता तापमानाच्या एका अंशाला सुमारे २ टक्के हलते. बाथ डळमळीत असेल तर तुम्ही दर नाही, बाथचं तापमान मोजत असता.

टाकी की पाइप

सुरुवात मुद्दाम पाठ्यपुस्तकी सवयीने करू. १० लिटर पाण्यात १० लिटर ०.२ मोलचं कॉस्टिक. एकूण प्रवाह मिनिटाला २० लिटर, स = ०.१, म = १, तापमान ३० अंश, म्हणजे क × स = ०.०१५ प्रति सेकंद.

पाइप किंवा बॅच (एकदा भरून, अभिक्रिया झाल्यावर रिकामी करायची टाकी): वेळ = र ÷ [क × स × (१ − र)] = १९ ÷ ०.०१५ = १,२६७ सेकंद, २१ मिनिटं. पाइपचं आकारमान ४२२ लिटर.

ढवळलेली एकच टाकी, सीएसटीआर: वेळ = र ÷ [क × स × (१ − र) × (१ − र)] = २५,३३३ सेकंद, ७ तास. आकारमान ८,४४४ लिटर.

बरोबर वीसपट. टाकीत पडलेला प्रत्येक थेंब लगेच शेवटच्या, पातळ संहतीला येतो, आणि सगळी अभिक्रिया त्या मंद दराने चालते. पाइपमध्ये सुरुवातीचा गाढेपणा कामाला येतो. समप्रमाणात दुसऱ्या कोटीला हा फरक १ ÷ (१ − र) इतका असतो, म्हणून ९५ टक्क्यांना वीसपट आणि ९९ ला शंभरपट.

आता कॉस्टिक २० टक्के जास्त घालू, म = १.२. सूत्रं अशी होतात:

पाइप: वेळ = नैसर्गिक लॉग [(म − र) ÷ (म × (१ − र))] ÷ [क × स × (म − १)]
टाकी: वेळ = र ÷ [क × स × (१ − र) × (म − र)]

पाइप ४७६ सेकंद, १५९ लिटर. टाकी ५,०६७ सेकंद, १,६८९ लिटर. टाकी पाचपटीने लहान झाली, कारण (१ − र) च्या ०.०५ ऐवजी एका जागी ०.२५ आलं. समप्रमाणात शेवटी दोन्ही पदार्थ एकदमच संपत येतात आणि दर कोसळतो. जास्तीचं कॉस्टिक तो कोसळू देत नाही.

एका टाकीऐवजी सारख्या आकाराच्या टाक्या ओळीने लावल्या तर? दोन टाक्यांना प्रत्येकी २४६ लिटर, एकूण ४९२. तिघींना प्रत्येकी ११२, एकूण ३३५. पहिली फोड सर्वात जास्त फायद्याची. तिसरीनंतर लिटर वाचतात, पण ॲजिटेटर, मोटर आणि सील वाढत जातात. मेंटेनन्सवाल्याला विचारलंत तर तो दोनवरच थांबायला सांगेल, आणि ते चूक नाही.

बॅचचा उल्लेख पाइपबरोबर केला, पण तिथे आठ मिनिटांची अभिक्रिया असली तरी भरणं, तपासणं आणि रिकामं करणं यांतच वेळ जातो. इतक्या वेगवान अभिक्रियेला बॅच घेऊ नये.

पाणी घालण्याची दुहेरी किंमत

वरच्या मांडणीत कॉस्टिकबरोबर मिनिटाला १० लिटर पाणी आपणच ओतलं. त्याने दोन गोष्टी झाल्या: संहती निम्मी झाली म्हणून वेळ दुप्पट लागला, आणि प्रवाह दुप्पट झाला म्हणून त्या वेळेसाठी जागाही दुप्पट लागली. दोन्ही मिळून चौपट. ४८ टक्क्यांची लाय तशीच सोडली तर एकूण प्रवाह १०.१ लिटर आणि स सुमारे ०.१९८ राहते. म = १.२ ला पाइप ४१ लिटर आणि टाकी ४३३ लिटर.

मग सगळे जण पातळ करून का घालतात? थोडं सवयीने, थोडं तापमानाच्या भीतीने. ती भीती इथे आकड्यात तपासता येते. मोलमागे साधारण ५५ ते ६० किलोज्यूल उष्णता निघते. लिटरमागे ०.१९ मोल फुटतात, म्हणजे सुमारे ११ किलोज्यूल, तापमानवाढ २.६ अंश. लाय पातळ होण्याची उष्णता आणखी एखादा अंश देते. जॅकेटची गरज नाही. मात्र हाच हिशेब लिटरमागे २ मोलवाल्या अभिक्रियेला लावला तर वाढ २७ अंशांच्या घरात जाते आणि मग थंड करण्याची सोय आधी बघावी लागते. शिवाय इथाइल ॲसिटेट लिटरमागे ८० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. त्यापुढे वेगळा थर होतो आणि दर ठरतो तो ढवळण्यावरून, आपल्या क वरून नाही.

पातळ न करण्याची खरी अडचण मिसळण्याची आहे. मिनिटाला १० लिटरमध्ये सव्वाशे मिलिलिटर, तीही दीडपट जड आणि घट्ट लाय. ती पाइपच्या तळाशी वाहत राहते. म्हणून डोसिंग पॉइंटनंतर लगेच स्टॅटिक मिक्सर (पाइपच्या आतली न फिरणारी पाती) हवा, आणि पंप असा की ज्याचे ठोके सेकंदाला निदान एक पडतील. मिनिटाला चार ठोके मारणारा पंप पाइपमध्ये कॉस्टिकचे आणि बिनकॉस्टिकचे आळीपाळीने पट्टे सोडतो.

आता कॉस्टिक किती जास्त घालायचं, याचा निर्णय नव्याने घेता येतो. पाइप, ३० अंश, लाय तशीच:

जास्तीचं कॉस्टिक ० टक्के: १०८ लिटर
५ टक्के: ७३ लिटर
१० टक्के: ५७ लिटर
२० टक्के: ४१ लिटर

पाइपचे लिटर एकदाच विकत घ्यायचे असतात, लाय रोज. २० टक्क्यांसाठी दिवसाला ४८ किलो लाय जादा लागते आणि ती मारायला ३० टक्क्यांचं सुमारे ७० किलो हायड्रोक्लोरिक ॲसिड जादा. ६७ लिटर पाइप वाचवण्यासाठी हा खर्च पटणारा नाही. पाइपला १० टक्के घ्यावेत, तेही मुख्यतः फीड वरखाली झालं तर हाताशी असावेत म्हणून. एकच मोठी टाकी आधीच उभी असेल आणि ती अपुरी पडत असेल, तर मात्र २० टक्के कॉस्टिक ही नव्या टाकीपेक्षा स्वस्त तोड ठरू शकते.

थंडी

३० अंशांना बेतलेला पाइप २० अंशांच्या पाण्यावर चालवला तर म = १.२ ला रूपांतरण ९५ वरून ८७ टक्क्यांवर येतं. तेवढ्याच बदलाने सीएसटीआर मात्र ९२ वर टिकते. टाकीने तिच्या अवाढव्य आकारात ही सवलत आधीच विकत घेतलेली असते. पाइप काटेकोर असतो, म्हणून तो सर्वात थंड फीडवर बेतावा.

म = १.१ आणि २० अंश घेतले तर वेळ १०.६ मिनिटं आणि आकारमान १०७ लिटर. ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपला मीटरमागे १.९६ लिटर बसतात, म्हणून लांबी ५४ मीटर. १५ टक्के राखीव धरून ६२ मीटर, गुंडाळी करून किंवा रॅकवर मागेपुढे वळवून. वेग सेकंदाला ८.६ सेंटिमीटर, २० अंशांना रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ थरांचा की घुसळणारा हे सांगणारा आकडा) सुमारे ४,३००. प्लग फ्लो, म्हणजे सगळं पाणी एकाच वेगाने पुढे सरकतंय असं, धरायला हा काठावरचा आकडा आहे, पण चालतो. प्रवाह निम्मा झाला तर तो लॅमिनार (संथ थरांचा) होतो आणि मधला धागा सरासरीच्या दुप्पट वेगाने निघतो. तरी घाबरायचं कारण नाही: तोवर सरासरी वेळही दुप्पट झालेली असते.

पाणी ४० अंशांपर्यंत तापवून पाइप लहान करण्याचा मोह होतो. २० लिटरच्या पातळ मांडणीत दहा अंशांना १४ किलोवॉट लागतात, दाट मांडणीत ७. वाया जाणारी वाफ किंवा गरम पाणी शेजारी असेल तरच करावं.

लायीचं तापमानही बघावं लागतं. ५० टक्के लाय १२ अंशांच्या आसपास गोठू लागते. जानेवारीतल्या पहाटे डोसिंग लाइन चोंदली की पंप चालू दिसतो आणि पाइपमध्ये कॉस्टिक शून्य. घाटावरच्या प्लांटमध्ये ही लाइन इन्सुलेट करून ट्रेसिंग (लाइन गरम ठेवणारी तार किंवा नळी) लावावं, किंवा लाय ३० टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवावी.

साहित्य आणि जोडणी

या तापमानाला पाइप स्टेनलेस स्टील ३०४ चा चालतो. पीव्हीसी नको, एस्टर त्याला मऊ करतं. ॲल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज्ड फिटिंग्ज कुठेही नकोत. कॉस्टिक त्यांना खातं आणि हायड्रोजन सोडतं. गॅस्केट पीटीएफईचं (टेफ्लॉनचं). व्हायटन रबराचं नाव मोठं आहे, पण एस्टर आणि कॉस्टिक दोन्ही त्याचे वैरी. फीड टाकीवर झाकण आणि व्हेंट हवाच: इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून बाष्प पेट घेऊ शकतं) उणे ४ अंश आहे, तेव्हा आजूबाजूची विजेची सामग्री फ्लेमप्रूफ घ्यावी आणि टाकीला अर्थिंग द्यावं. लायीच्या लाइनवर काम करताना गॉगल नाही, पूर्ण फेसशील्ड.

टाकी वापरत असाल तर इनलेट डिप पाइपने ॲजिटेटरजवळ सोडा आणि आउटलेट समोरच्या बाजूला ठेवा. दोन्ही नोझल वरच शेजारी शेजारी असले की फीड सरळ बाहेर पडतं, आणि १,७०० लिटरच्या टाकीतले निम्मे लिटर नुसतेच उभे राहतात. मोजायचं ते कामाचं आकारमान: एकूण आकारमानाच्या ७० ते ७५ टक्के.

चालू केल्यावर काय मोजायचं

आउटलेटचा नमुना काढल्याबरोबर ॲसिड घालून पीएच ६ च्या आसपास आणावा. बाटलीतही अभिक्रिया चालूच असते, आणि लॅबपर्यंत जाईतो आकडा छान दिसू लागतो. दुसऱ्या नमुन्याचं कॉस्टिक तिथेच टायट्रेट करावं. अंत्यबिंदू गाठणाऱ्या ॲसिडनेच अभिक्रिया थांबते, म्हणून हात चटकन चालवावा. आपल्या मांडणीत (लाय तशीच, म = १.१) ९५ टक्क्यांना एस्टर ०.०१० मोल/लिटर, म्हणजे ०.८७ ग्रॅम, आणि कॉस्टिक ०.०३० मोल/लिटर, म्हणजे १.२ ग्रॅम उरलं पाहिजे. पीएच १२.५ च्या जवळ असेल. नुसत्या पीएचवर विसंबू नका, इतक्या वरच्या पट्टीत मीटरचा ०.१ चा फरक म्हणजे कॉस्टिकमध्ये २५ टक्क्यांचा फरक.

दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. एस्टर आणि कॉस्टिक दोन्ही अपेक्षेपेक्षा जास्त उरत असतील तर दोष दराचा: पाणी थंड आहे, मिक्सर चोंदलाय किंवा प्रवाह वाढलाय. एस्टर जास्त आणि कॉस्टिक कमी असेल तर दोष मोलच्या हिशेबाचा: लाय पातळ आली, पंप कमी देतोय, फीडमध्ये ॲसिड आहे किंवा एस्टरच वाढलंय. एस्टर कमी आणि कॉस्टिक जास्त दिसलं तर खूश होऊ नका. फीडमध्येच एस्टर कमी आहे किंवा ते रिॲक्टरच्या आधी उडून जातंय. फीड टाकीचं झाकण आणि व्हेंट तपासा. आणि दोन्ही कमी उरत असतील तर पाणी बेतलेल्यापेक्षा गरम येतंय; मार्च ते मे असंच दिसेल, तेव्हा लायीचा डोस थोडा खाली आणता येतो.